तीन ग्रंथालयं, एक डेटाबेस आणि माझं नाक

चाकणच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल. शोधनिबंधांचा ऑनलाइन डेटाबेस एकट्याला झेपेना, म्हणून रहाटणीचं एक कॉलेज, आळंदीकडचं एक आणि आम्ही, अशी तिघांत वर्गणी. नियम असा, की जो जास्त निबंध उघडेल त्याचा वर्गणीतला वाटा जास्त.

झालं! त्या दिवसापासून आम्ही तिघे ग्रंथपाल वाचकांचे वैरी. मी कीबोर्डच कपाटात कोंडला. रहाटणीकरानं लावलेल्या ‘सर्व्हर बंद’च्या पाटीवर कोळ्यांची चौथी पिढी नांदत होती. आळंदीवाला तर म्हणे दारात काठी घेऊनच बसायचा.

वर्षाखेरीला तिन्ही प्राचार्य आपापल्या ग्रंथपालांसह आमच्याकडे जमले. वापराचा तक्ता जवळजवळ कोरा. आमचे प्राचार्य म्हणाले, “कुणी वाचतच नाही? मग बंद करा! पाच वाजता पत्र धाडतो.”

तिन्ही प्राचार्य त्यांच्या खोलीत गेले आणि आम्ही तिघे वाचनकक्षात एकमेकांकडे बघत उरलो.

“तुझ्यामुळं!” मी रहाटणीकरावर ओरडलो.

“माझ्यामुळं? कीबोर्ड कुणी कोंडला, राव?”

मी जाडजूड शब्दकोश त्याच्या डोक्यात हाणला. त्यानं खुर्ची घातली. आळंदीवाला सोडवायला आला आणि दोघांनाही बडवू लागला. माझा एक दात जो उडाला, तो समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर टण्णकन वाजला. जेवायची सुट्टी झाली समजून अख्खी शिफ्ट बाहेर आली. खोटं वाटत असेल तर दात मोजा.

तेवढ्यात दारात आमची एक विद्यार्थिनी. सकाळी ब्रेकच्या कारखान्यात शिफ्ट, दुपारी एम.ई. प्रबंध ब्रेक-डिस्कला जाणाऱ्या तड्यांवर. लागणारे निबंध त्या डेटाबेसशिवाय कुठंच नव्हते.

“सर, मारामारी चालू द्या. आधी कपाटाची किल्ली द्या.”

एक हात रहाटणीकराच्या गळ्यावर ठेवून दुसऱ्यानं मी किल्ली फेकली. ती बसली ती बसलीच. निबंधामागून निबंध उतरवून घेत राहिली. मागं आम्ही टेबलं मोडत होतो, तिनं मान वळवली नाही.

पाचाला आमचे प्राचार्य पत्र घेऊन आले, मागं बाकीचे दोघे. “वाचतंय की कुणीतरी!”

“वर्षभर किल्ली मागतेय, सर,” ती म्हणाली.

आम्ही तिघांनी एकमेकांच्या कॉलरी सोडल्या.

प्राचार्यांनी पत्र टरकावलं. “सारखे तीन वाटे. आणि ती किल्ली इकडं.”

नव्या करारावर सही करताना माझ्या फुटलेल्या नाकातून रक्त कागदावर गळलं. तपासणीला येणाऱ्यांना तो तांबडा डाग मी आजही शिक्का म्हणून दाखवतो.