शुभेच्छुकांत आमचाही फोटो

अख्ख्या अबुधाबीत, अहो सगळ्या आखातात, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाऊजींइतका उतावळा माणूस कुणी दाखवला, तर मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या घराची किल्ली मी त्याच्या हातात ठेवीन. आतली माणसं बाहेर यायच्या आधी हे लिफ्टमध्ये शिरतात. मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे यायच्या आधीच "पसंत आहे" म्हणून मोकळे झाले, असं त्यांची बायकोच सांगते. नोकरी एसी मेंटेनन्सची, त्यामुळे गरम होतंय असं कुणी म्हणायच्या आत स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात हजर.

त्यांचा ओंकार अमेरिकेत शिकायला गेला आणि कॉलेजच्या टीममधून तिकडचं फुटबॉल खेळायला लागला, तेव्हापासून तर विचारूच नका! ओंकारचं काम एकच. ओणवं होऊन दोन पायांमधून चेंडू मागच्या खेळाडूकडे फेकायचा. नीट गेला तर कुणाचं लक्ष नाही, चुकला तर स्टेडियमभर बोंब. "अगदी आमच्या एसीसारखं, वहिनी! चालू असतो तोवर कुणी नाव काढत नाही," म्हणत भाऊजींनी कॉरिडॉरमध्येच ओणवं होऊन प्रात्यक्षिक दाखवलं. चेंडू थेट माझ्या तुळशीत. कुंडी आडवी झाल्यावर म्हणतात, "यल्ला, कॅच!"

गेला सीझन ओंकारचा शेवटचा. तिकडे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. सीझन संपला की गटातले कोच मतं देऊन प्रत्येक जागेवरचे उत्तम खेळाडू निवडतात. पहिली टीम, दुसरी टीम. "आणि कोचला स्वतःच्या टीममधल्या पोराला मत देता येत नाही! कौतुक शेजाऱ्यांनी करायचं! आपल्यात होईल का हे?" असं म्हणून भाऊजी माझ्याकडेच रोखून बघत राहिले. इतकी वर्षं ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, त्याचं नाव एकदा तरी पुकारलं जावं, एवढीच त्या माणसाची आस होती.

निकालाच्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर हॉलच्या भिंतीभर फ्लेक्स! 'पहिल्या टीममध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध हेल्मेटातला ओंकार, खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा सगळ्यांचे फोटो. माझा पासपोर्टवरचा, अगदी चोरासारखा. टेबलावर शाल आणि नारळ.

"भाऊजी, निकाल लागला?"

"लागेलच की!"

माझी लेक लॅपटॉप उघडून बसली होती. "अंकल, रिलॅक्स, इट्स लोडिंग." आणि एकदम किंचाळली, "ही इज इन!" आम्हीही सगळे किंचाळलो. मग ती हळूच म्हणाली, "सेकंड टीम."

भाऊजींची नजर फ्लेक्सवर! मी तर घाबरलेच. तेवढ्यात ओंकारचा व्हिडिओ कॉल वाजला. भाऊजींनी झडप घालून शाल उचलली आणि फ्लेक्सवरच्या 'पहिल्या' या शब्दावर घाईघाईनं अडकवली.

"सॉरी, बाबा. फर्स्ट टीम नाही झालं."

"सॉरी कसलं, गाढवा! शेजाऱ्यांनी मतं दिली तुला, शेजाऱ्यांनी!" आवाज असा की खालचा वॉचमन धावत वर आला.

"बाबा, व्हाय इज देअर अ शॉल ऑन द वॉल?"

"तुझीच आहे. आलास की खांद्यावर घालू, इन्शाल्ला."

ओंकारला तिकडेच नोकरी लागली. येणं पुढे पुढे जातंय. फ्लेक्स अजून भिंतीवर आहे, शालही तिथेच. परवा न राहवून मी म्हटलं, "भाऊजी, धुळीनं मळेल हो. घडी घालून ठेवू का?"

भाऊजी शालीकडे बघत हळूच म्हणाले, "राहू दे, वहिनी. घाई काय आहे?"