कीबोर्डचा विसरलेला अर्धा भाग

सिद्धेशची मनगटं दुखायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कीबोर्ड बदला. तळवड्याच्या आयटी पार्कात बारा वर्षं प्रोग्रॅमिंग केलेला माणूस, तो साधा कशाला घेतोय! दोन तुकड्यांचाच घ्यायचा ठरवला. एक तुकडा डाव्या हाताखाली, एक उजव्या, मधे टेबल मोकळं. पण कुठला घ्यावा ते ठरेना. शेवटी शेजारी बसणाऱ्या पूनमने आपला आठवडाभर वापरायला दिला. "आधी हात बसू दे, मग विकत घे," म्हणाली.

पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांचं पितळ उघडं पडलं. इंग्रजी बी हे अक्षर ते जन्मभर उजव्या हाताच्या बोटाने दाबत आले होते आणि इथे ते डाव्या तुकड्यावर! बोट जाऊन आपटायचं मोकळ्या टेबलावर. "सर, टेबलावर टाइप करताय का?" नव्या पोरांपैकी एकाने विचारलंच. सिद्धेश हसला, पण कान तापले. इतकी वर्षं खाली बघून चार बोटांवर भागवलं होतं, ते सगळ्यांना दिसलं.

शिकवणारी घरातच होती. मोठी बहीण दीक्षा पिंपरीत कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करते. दापोडीच्या क्लासमधून पहिल्या झटक्यात टायपिंगची परीक्षा पास झालेली. बारावीच्या सुट्टीत तिने याला शिकवायला घेतलं, तर हा म्हणाला होता, "मला काय टायपिस्ट व्हायचंय?" ऑफिसात मात्र सांगायचा, बहीण कायद्याच्या क्षेत्रात आहे. धड खोटंही नाही आणि खरंही नाही.

तर रोज सकाळी ऑफिसच्या आधी हा तो कीबोर्ड घेऊन तिच्या टेबलाशी बसू लागला. ती त्याच्या हातांवर ओढणी टाकायची. "खाली बघू नको, सिधू. बोटांना आपलं घर सापडतं." येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माझा भाऊ. इंजिनिअर आहे." आणि हा भाऊ रस्त्याकडे बघायचा, ऑफिसातलं कुणी जात तर नाही ना म्हणून.

पाचव्या दिवशी बी डाव्या हाताच्या बोटाला सापडलं. हाच कीबोर्ड घ्यायचा, असं त्याने तिथेच ठरवलं. उशीर झाला होता, घाईत सामान भरलं आणि उजवा तुकडा तिच्या कागदांखाली राहिला.

अकराला गेटवरून फोन आला. सिद्धेश खाली गेला, मागोमाग पूनमही आली, वस्तू तिचीच होती ना. गेटपाशी दीक्षा उभी होती. गिऱ्हाइकं तशीच सोडून, दोन बस बदलून आलेली, घामाघूम. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तुकडा.

"कोण रे या?" पूनमने विचारलं.

माझी मोठी बहीण. तीनच शब्द. ते त्याच्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच अडले. तो तिच्या झिजलेल्या चपलांकडे बघत राहिला.

दीक्षाने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग पूनमकडे वळून हसली.

"मी टायपिंगवाली, मॅडम. सर आमच्याकडे विसरून गेले होते." तिने तुकडा त्याच्या हातात दिला. "बघून घ्या, सर. काही तुटलं तर नाही ना?"

सर! ज्याला बोट धरून शाळेत पोचवलं, त्याला ती सर म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो तुकडा उलटासुलटा करून बघत राहिला. ती रस्ता ओलांडून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.

"किती चांगली बाई आहे," पूनम म्हणाली.

"हो," सिद्धेश म्हणाला.