गाऱ्हाणं आणि स्पंजचे हेडफोन

टेप मागे फिरवली, प्लेचं बटण दाबलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

हेडफोनमध्ये नाना परबांचा आवाज नव्हता. म्हणजे होता, पण खाली कुठेतरी गाडला गेला होता. वर नुसती घरघर आणि फडफड. मी टेप पुढे नेली, आणखी पुढे नेली. शेवटपर्यंत तेच.

मी तेव्हा रेडिओत रेकॉर्डिंग इंजिनियर होतो. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मसुऱ्याजवळच्या एका वाडीत, रवळनाथाच्या देवळात, नानांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करायला मला पाठवलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. एक माणूस सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. नाना ते चाळीस वर्षं सांगत होते. लिहिलेलं कुठेच नव्हतं. त्यांच्या घशात गाठ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते ऑपरेशनसाठी मुंबईला निघणार होते. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. म्हणजे आवाज कायमचा जाणार होता, आणि तो आवाज मी नुकताच वाया घालवला होता.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. केंद्रातून निघताना स्टोअरमध्ये दोन हेडफोन होते. एक जुना, जड, कानावर वाटीसारखा घट्ट बसणारा. त्याला क्लोज्ड बॅक म्हणतात. त्याच्या वाट्या मागून बंद असतात, म्हणून बाहेरचं आत येत नाही. दुसरा नवा, हलका, कानावर स्पंजच्या चकत्या टेकवणारा. गाणं ऐकून पाहिलं तर नवा फार गोड वाजत होता. खिशातही मावत होता. साहेब म्हणाले होते, ‘‘अहो, जुना न्या. बाहेर काम आहे.’’ मी मान हलवली आणि नवा उचलला.

स्पंजमधून बाहेरचा आवाज थेट कानात येतो. नाना समोर बोलत होते ते मला ऐकू येत होतं, आणि मला वाटत होतं की तेच टेपवर जातंय. खाडीवरून वारा सुटला होता. तो माइकवर आपटत होता. फडफड मला ऐकू आली नाही असं नाही. ती माझ्याच कानांवरून जाणाऱ्या वाऱ्याची आहे असं मी समजलो. मीटरचा काटा छान नाचत होता. काट्याला नाना आणि वारा यांतला फरक कळत नाही.

आधी एखादी ट्रायल घेतली असती तर निभावलं असतं. तशी मी सकाळी मागितली होती. नानांनी साफ नकार दिला. म्हणाले, गाऱ्हाण्याची तालीम नसते, खोटी हाक मारली तरी देव येऊन उभा राहतो. मग त्याऐवजी, आवाज तपासण्यापुरते, त्यांनी माइकसमोर माशांचे भाव सांगितले होते. तेव्हा वारा पडलेला होता.

मला नोकरीची भीती वाटली, पण ती नंतर. आधी वाटली ती नानांना सांगायची. ते सभामंडपात खांबाला टेकून गरम पाणी पीत होते. एवढं बोलून घसा दुखावला होता. गप्प राहून टेप घेऊन निघून जावं, असा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू, दोनदा आला. शेवटी जवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं.

नानांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

‘‘म्हणजे काय्येक गावला नाय?’’

‘‘नाही, नाना. चूक माझी आहे.’’

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, त्यांचा चेहरा उतरला. ते मला जास्त लागलं. पुन्हा सांगाल का, असं विचारायचा धीर मला होईना. शेवटी कसंबसं विचारलं, तेव्हा नानांनी गुरवाला हाक मारली आणि कौल लावायला सांगितला. देवाच्या पाषाणावर ओले तांदूळ चिकटवतात. उजवीकडचे आधी पडले तर देवाचा होकार, डावीकडचे पडले तर नकार. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या दहा मिनिटांत मी दुसऱ्या कशाकडेही बघितलं नाही.

डावा कौल पडला.

गुरवाने हात झटकले. देवाने एकदा ऐकलेलं तेच गाऱ्हाणं पुन्हा ऐकायला नकार दिला होता. मी वायर गुंडाळायला घेतली. नाना मात्र विचार करत होते. त्यांनी गुरवाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. पुन्हा तांदूळ लावले गेले. या वेळी उजवे पडले.

‘‘जा,’’ नाना मला म्हणाले. ‘‘चार वाजता ये. काय व्हया ता घेवन ये. परत माका जमाचा नाय.’’

जीपचा ड्रायव्हर सावंत तारकर्लीचा. त्याच्या वाडीत खोबरेकर म्हणून बोटीवरचे रिटायर्ड वायरलेस ऑपरेटर राहत होते. त्यांच्याकडे हेडफोन असणारच, असं तो म्हणाला. होते, दोन. पहिला बोटीवरचा, काळा आणि कडक. घातला आणि समोरचा समुद्र बंद झाला. मी खूश झालो. पण माइक लावून ऐकलं तर सावंतचा आवाज टेलिफोनसारखा किरटा येत होता. वाऱ्याची घरघर तर त्यात वाजतच नव्हती. ती जाड, खालची असते आणि हा हेडफोन खालचे आवाज खाऊन टाकत होता. म्हणजे माझी पुन्हा तीच फसगत झाली असती.

दुसरा त्यांनी सिंगापूरला गाणी ऐकायला घेतलेला. मिटून पिशवीत मावणारा, पण वाट्या बंद. सावंतला विहिरीपाशी उभं करून बोलायला लावलं. लाटांचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला आणि माइकवरचा वारा कानात धडधडू लागला. इतकं घाण काही मी कधी ऐकलं नव्हतं. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘तासाभरान कान दुकतले हां,’’ खोबरेकर म्हणाले.

दुखू देत, म्हटलं.

परत आलो तेव्हा वारा पहिल्या वेळेपेक्षाही जास्त होता. हेडफोन घालून, माइक हातात धरून, मी सभामंडपात इंच इंच फिरलो. गाभाऱ्याच्या डाव्या खांबामागे घरघर थांबली. माइक तिथे उभा केला, नानांना तिथे आणलं, आणि मशीन सुरू केलं. त्यांचा घसा टिकेल का, एवढंच आता माझ्या हातात नव्हतं.

‘‘बा देवा रवळनाथा, ह्यो परगावचो झील तुझ्या पायाकडे उभो आसा, म्हाराजा...’’

‘‘होय म्हाराजा.’’

झील म्हणजे मुलगा, आणि तो मुलगा मी होतो. जुनं गाऱ्हाणं पुन्हा सांगायला देवाची मनाई होती. म्हणून नानांनी नवं, माझंच गाऱ्हाणं घातलं होतं.

‘‘कानाक गोड लागला ताच खरा, असा ह्येका वाटला. चूक झाली. ती पोटात घाल आणि ह्येका सांभाळ, म्हाराजा...’’

‘‘होय म्हाराजा.’’

मग गावाची गुरं, होड्या, लेकीबाळी, सगळं त्याच चालीत येत गेलं. मध्ये एकदा आवाज फाटला. ते थांबले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, ‘‘माजो आवाज तुझोच, म्हाराजा. उद्या तू तो घेतलंस तर घे. पण ह्या गाऱ्हाणा कोणाच्या तरी तोंडात ठेव.’’

‘‘होय म्हाराजा.’’

ते एवढ्या मोठ्याने आलं की काटा लाल रेषेपलीकडे गेला. मी आवाज कमी केला नाही.

टेप स्वच्छ निघाली. साहेबांनी ती पूर्ण ऐकली, परगावचा झील कोण असेल तेही ओळखलं. पुढे कुणी नवीन माणूस हेडफोन घ्यायला निघाला की मी त्याला एवढंच सांगत असे की गाणं लावून निवडू नकोस. वारा ऐकून निवड.

नाना ऑपरेशनमधून वाचले. आवाज गेला. त्यांचे पुतणे मास्तर होते. मी पाठवलेली कॅसेट लावून त्यांनी गाऱ्हाणं पाठ केलं. नमुना म्हणून तेवढंच उपलब्ध होतं, त्यामुळे त्यांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ केलं. पाचेक वर्षांनी मी त्या देवळात गेलो, तेव्हा नाना पुढच्या रांगेत बसलेले होते. मास्तरांनी सुरुवात केली, ‘‘ह्यो परगावचो झील...’’ अख्ख्या वाडीने माझी चूक पोटात घालायला देवाला सांगितलं. दरवर्षी सांगतात म्हणे. नानांना आवाज नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले, ‘होय म्हाराजा.’