गुळाच्या गोदामातली प्रार्थना

गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावातलं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर विकायचं ठरलं, तेव्हा मी देवाशी बोलणंच सोडलं. मिशनच्या काळात माझ्या आजोबांनी बैलगाडीतून ओढून आणलेल्या दगडांचं ते मंदिर. पण मंडळीतली पोरं कागलच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्याला गेली, उरली पाच-सहा घरं, आणि छप्पर तर दर पावसाळ्यात डोक्यावर येऊ बघायचं. मंदिर विकावं हे पाळकांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. उपासना आता त्यांच्या घरच्या सोप्यात, पुढच्या ओसरीत होणार होती. पहिलं गीत वर्षानुवर्षं मीच उचलायचे. सोप्यात मी गाणार नाही, असं त्यांना तोंडावर सांगून आले.

जागा गावातल्याच गुळाच्या व्यापाऱ्यानं घेतली.

विक्रीनंतरच्या पहिल्या रविवारी घरात बसवेना. बायबल काखेत घेऊन निघाले खरी, पण सोप्याकडे जावं की नाही हेच ठरत नव्हतं. त्या विचारात पाय जुन्या वाटेला लागले. दारात नेहमीसारख्या चपला दिसल्या. मीही चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, आत गेले, आणि गुळाचा वास आला. पाळक उभे राहायचे तिथे ढेपांची रास होती. लाजेनं मी मागं फिरले, तर व्यापाऱ्यानं गड्यांना थांबवलं आणि एक पोतं झटकून अंथरलं.

"बसा की आक्का. ढेपा काय, मागनं लावतो."

तो अनवाणी होता, गडीही अनवाणी. मी कारण विचारलं.

"तुमच्या कापणीच्या सणाला माझी आई पहिली ढेप घिऊन यायची. चपला काढल्याबिगर मला आत न्हाय सोडलं तिनं कधी. आता जागा माझी झाली म्हणून सवय मोडू व्हय?"

मी पोत्यावर बसून डोळे मिटले. मागितलं काहीच नाही, नुसतं रडू आलं, आणि ते सुखाचं होतं. प्रभूचं घर गेलं म्हणून मी झुरत होते, आणि त्यानं मला बसवून घेणारा माणूस तिथे आधीच ठेवला होता.

सोप्यात पोचायला उशीर झाला. मंडळी सतरंजीवर नुसती बसून होती. पहिलं गीत उचलायला कुणी नव्हतं, असं पाळक हसत म्हणाले. मी दाराशी चपला काढल्या आणि उभ्यानंच गीत उचललं.

प्रभूनं कुठं राहावं, हे आता मी त्याच्यावरच सोडलं आहे. यंदा कापणीच्या सणाला व्यापाऱ्याकडची पहिली ढेप सोप्यात आली. ती ठेवायला जागा पुरेना, एवढीच काय ती माझी तक्रार.