भाऊसाहेबांच्या हनुवटीपर्यंत

पडदा वर जातो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या शाळेचं पटांगण, सकाळचे साडेआठ. डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे मुख्याध्यापिकांच्या खोलीची खिडकी, आणि मधोमध, नाटकात जिथे राजवाडा असतो तिथे, पंचवीस फूट उंच भाऊसाहेब. फेटा, मिशा, कपाळावर गंध. त्यांच्या हनुवटीखाली भिंतीवर रंगीबेरंगी खुंट्या, आणि त्या खुंट्यांना लटकलेली तिसरीतली दिशा. खाली तिचा दोर धरून उभे आमचे नायक, पीटीचे सर सहदेव पाताडे.

"अगो बाय, हातान नको ओढू! पायान चढ, पायान!"

दिशा हनुवटीला पोहोचते, सलाम ठोकते, खाली येते. टाळ्या. पुढचा मुलगा तयार.

मी या शाळेत स्नेहसंमेलनाची नाटुकली बसवायला जाते. चाळीस वर्षं तोंडाला रंग लावला, पण असा नेपथ्याचा घोटाळा कुठल्या नाटकात पाहिला नाही.

त्याचं असं झालं. आमचे विश्वस्त अनंतराव परदेशात फिरून आले. तिथल्या शाळांत मुलं भिंतीवर चढतात हे पाहून त्यांनी आपल्या शाळेलाही तशी भिंत दिली. उत्तम केलं. पण आपल्याकडे पंखा दिला तरी पात्यावर नाव लागतं, मग पंचवीस फुटांची भिंत कोरी कशी राहणार? त्यांनी तिच्यावर आपल्या दिवंगत वडिलांचं, म्हणजे भाऊसाहेबांचं, तोंड रंगवून घेतलं. खुंट्या तेव्हा तळापासून फेट्यापर्यंत होत्या. उद्घाटनाला नारळ फुटला. गच्चीवरून हार सोडायला तीन शिपाई लागले. मग सहदेवने एका मुलाला चढवलं, आणि त्या पोराने डावा पाय नेमका भाऊसाहेबांच्या ओठावर ठेवला.

"अरे, बापाच्या तोंडावर पाय!" अनंतराव ओरडले.

पुस्तकाला पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला लावतो. इथे तर साक्षात वडील. पहिल्या रांगेने एकजात कान धरले. दुसऱ्या दिवशी सभा आणि ठराव: हनुवटीच्या वरच्या सगळ्या खुंट्या काढाव्यात. चित्र पुसावं असं कोणाच्याही मनात आलं नाही. खुंट्या पोत्यात भरून खेळांच्या खोलीत गेल्या. वर पोहोचणाऱ्या मुलाने वाजवावी म्हणून लावलेली पितळी घंटा तेवढी राहिली. तिच्यावर कावळे बसत.

त्यानंतर आठ महिने शाळेची पोरं हनुवटीपर्यंत चढली. प्रत्येकाला 'यशस्वी गिर्यारोहक' असं प्रमाणपत्र मिळालं. पवईच्या ऑफिसांतून सुट्टी काढून आलेल्या पालकांनी फोटो काढले. एका आईने तर पालकसभेत विचारलं, "सर, चौथीलाही हनुवटीच आहे का? सिलॅबस पुढे सरकत नाही का?"

सहदेव तेव्हा मान खाली घालून हसला. त्याचं अर्धं आयुष्य उंचावर गेलेलं. वडील गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला वॉचमन झाले. घर चालवायला हा अठराव्या वर्षी पवईच्या उंच इमारतींच्या काचा पुसायला लागला, विसाव्या मजल्यावर दोराला लटकून. आतल्या लोकांनी कॉफी प्यायची, याने बाहेरून त्यांच्यावर साबण फिरवायचा. त्या पैशांतून तो शिकला आणि पीटीचा सर झाला. शाळेच्या माहितीपत्रकात त्याच्या नावापुढे 'साहसी क्रीडांचा दांडगा अनुभव' असं छापलंय. बादलीचा उल्लेख नाही.

असा हा माणूस नऊ वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. यंदा मात्र मुख्याध्यापिका अस्मिता मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, "जानेवारीत अनंतराव पाहुणे घेऊन येतील. कार्यक्रम नीट पार पाडा, जूनमध्ये कायम झाल्याचा आदेश तुमच्या हातात." त्याच्या बायकोने, कुंदाने, लगेच गावी सासूला कळवूनसुद्धा टाकलं.

आणि त्याच आठवड्यात दिशाने विचारलं, "सर, वर गेल्यावर काय होतं?"

"घंटा वाजते."

"कोणी वाजवली?"

"कोणीच नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

हे त्याने मला चहा पिताना सांगितलं. मी म्हटलं, "अरे मेल्या, जूनपर्यंत गप्प बस ना! नाटक कंपनीच्या मालकाने सांगितलं तर आम्ही राक्षसालाही आरती म्हणायला लावायचो."

"तुमचा राक्षस नाटक संपल्यावर तोंड धुवायचा, शकुताई. ही पोरं हनुवटीलाच डोंगर समजून मोठी होणार. मी त्यांना चढायला नाही, अडायला शिकवतोय."

कार्यक्रमाआधीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्याने पोतं बाहेर काढलं. मिशीच्या टोकाला एक, नाकपुडीखाली एक, डोळ्याच्या कोपऱ्यात, गंधावर, फेट्यावर. बारा खुंट्या पुन्हा बसल्या, आणि चित्राच्या रंगांत अशा मिसळल्या की खालून पटकन कोणाला दिसू नयेत. शिडी मी धरली होती, हे लिहून टाकते. मला आता कोण काढणार?

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत अनंतराव आणि पाहुणे. दिशाने आधी भिंतीला हात लावून कपाळाला लावला. ते मी शिकवलेलं. आम्हीही रंगमंचाला नमस्कार करतो आणि मग त्याच्यावरच पाय ठेवतो. देवही रागावला नाही कधी. ती हनुवटीला आली. सवयीने टाळ्या पडल्या. पोरगी थांबली नाही. मिशीवर पाय, नाकपुडीखाली पाय, आणि टाळ्या एकेक करत विझल्या. अनंतरावांनी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. सहदेव दोर आवळत होता, नजर फक्त तिच्या पायांवर.

घंटा वाजली.

पाहुण्यांपैकी एकाचाही हात हलला नाही. पण तिसरीचा अख्खा वर्ग रांग मोडून भिंतीकडे धावला. "सर, आता मी! सर, मी, मी!"

अर्ध्या तासात सगळे मॅडमच्या खोलीत. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण बिनबोलावता प्रवेश घ्यायची मला जुनी सवय. मॅडमनी माफीपत्र टाईप करूनच आणलं होतं: 'सदर खुंट्या माझ्याकडून चुकून बसवल्या गेल्या.'

"सही करा सर," त्या म्हणाल्या. "केलीत तर जूनचा आदेश तसाच राहील. नाहीतर हा महिना शेवटचा."

"मी काही दुष्ट नाही हो," अनंतराव म्हणाले, आणि खरंच नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. "चुकून झालं म्हणा, मी विसरतो. खुंट्या उद्या काढून टाकू."

बाहेर पोरांचा कलकलाट चालू होता. मी मनात म्हणत होते, कर बाबा सही, कुंदा वाट बघतेय. सहदेवने पेन उचललं, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग पेन खाली ठेवलं आणि कागद मॅडमपुढे सरकवला.

"बाकी काय वाट्टेल ते लिहा मॅडम, उद्धट लिहा, मूर्ख लिहा. फक्त चुकून लिहू नका. एकेक बोल्ट मी पान्याने तीनदा आवळलाय. चुकून बसवला असता, तर पोरगी पडली असती."