कॅलेंडरवरचा विनू

माझा दोस्त विनू हार्ट अटॅकनं गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाहूरच्या घरी दुपारचा पेंगत होतो. पडदा हलत होता, भिंतीवरचं ऊन हलत होतं, आणि फोनवर वहिनी, विनूची बायको, सांगत होत्या ते मला कितीतरी वेळ दुसऱ्याच कुणाबद्दल वाटत राहिलं...

विनूनं मुलुंडात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत हयात घालवली. दुकान बंद झालं, शंका घ्यायची सवय काही बंद झाली नाही. मोबाईलचे किरण अडवणारी एक सोनेरी चकती मी हौसेनं घेतली होती. ती लावल्यापासून डोकं हलकं वाटतं, असं मी त्याला ऐकवलं. त्यानं माझे डोळे बांधले आणि चकती कधी लावून, कधी काढून फोन दहादा माझ्या कानाशी धरला. चकती आहे की नाही हे ओळखताना मी निम्म्या वेळा चुकलो. "झकास! डोकं मुळातच हलकं आहे रे तुझं," म्हणाला. मी आठवडाभर रुसलो होतो. चकती मात्र काढली.

यंदा श्रावणात वायफायचा डबा आला. बंगळूरची लेक फोनवर स्पष्ट दिसावी म्हणून वहिनींनी हट्टानं तो विनूच्या उशाशी बसवून घेतला. पुढे खिडकीतली अबोली सुकली आणि वहिनी त्या डब्याला बोल लावू लागल्या. विनूनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. सिलेंडर कधी लागला, दूधवाला कधी आला नाही, सगळं तो त्यातल्या चौकटींत लिहायचा. "डबो कधी इलो आणि पानां कधी पिवळी पडली, ता आधी बघ," तो वहिनींना त्यांच्या घरच्या मालवणीत म्हणाला. पानं आठ दिवस आधीच पिवळी पडली होती. मी सहज मागचा महिना उलटायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला. हे मला आता आठवतं.

तो गेल्यावर महिन्याभरानं गेलो, तर डबा बंद, वायर गुंडाळलेली. कुणीतरी वहिनींना मेसेज पाठवला होता, अशा डब्यानं हृदय कमजोर होतं म्हणून.

"भाऊजी, मीच ना तो उशाशी ठेवला... मीच मारलं ना ह्यांना?"

मी खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि मागे मागे जात राहिलो. श्रावण. आषाढ. ज्येष्ठातल्या एका चौकटीत, कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'जिन्यात दम लागला. थांबलो.' चार दिवसांनी पुन्हा: 'दम. हिला सांगू नये.'

वहिनींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग रागावल्याच. "सांगू नये म्हणे! मी काय परकी होते?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मीही रडलो, लपवत नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. खोलीत तेच पेंगुळलेलं ऊन. उशाशी डब्याचा हिरवा दिवा लागलेला. कॅलेंडर खिळ्यावरच होतं, आणि आदल्या दिवसाच्या चौकटीत वहिनींचं वळणदार अक्षर: 'डबा चालू केला. लेकीला बघितलं. जिन्यात दम लागला, तिला सांगितलं.'