लेआउटमधली पाण्याची पाळी

आमच्या तळ्याखाली शेतांचे प्लॉट पाडून लेआउट पडलं तेव्हा सगळ्यात आधी उभी राहिली ती कमान. भिंत नाही, कुंपण नाही, घर तर एकही नाही. पण कमान, आणि तिच्यावर सिमेंटचे दोन मोर. बाजूनं बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा असताना आम्ही बाया मुद्दाम कमानीखालून जायचो. अंगणवाडीतलं माझं काम सुटलं की मीही एक चक्कर मारून यायचे, उगाच.

या प्लॉटांबद्दल तुमचं मत काय, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत व्हायची. मला ते आवडत होतं, हे कबूल करते. रस्त्यावर दिवे येतील, वरठीच्या स्टेशनापर्यंत ऑटो मिळेल, बोलायला नवी माणसं येतील. गावातल्या प्रत्येकाची प्रत्येक गोष्ट मला तोंडपाठ झाली होती आणि नव्या गोष्टींची हाव सुटली होती. पण त्याच लेआउटवर मी खारही खाऊन होते. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्याच्या खालच्या अंगाला. आणि तळ्याचं पाणी आणणारा पाट त्यांनी मुरूम टाकून बुजवला होता. विचारलं की लेआउटवाला हसून म्हणायचा, पाहून घेऊ.

त्या वर्षी भर श्रावणात पावसानं दडी मारली. पऱ्ह्यांचं, धानाच्या रोपांचं, वय उलटून चाललं होतं, शेंडे पिवळे पडत होते. आमच्या ह्यांनी एका सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, की आठवड्यात रोवणी झाली नाही तर ही बांधीही लेआउटवाल्याला देऊन मोकळं व्हायचं. मला रडूच कोसळलं. लग्न होऊन आले त्या वर्षी त्याच बांधीत मी पहिल्यांदा रोवणीला उतरले होते आणि सगळ्यांसमोर चिखलात बसकण मारली होती. बाया हसून हसून लोळल्या, आणि त्या दिवसापासून मी या गावाची झाले. ती बांधी गेली तर माझं काय उरणार होतं?

आमच्याकडे तळ्याचं पाणी पाणकर सोडतो. म्हातारा माणूस, कागद नाही की वही नाही, सगळ्या पाळ्या तोंडी. आमच्या बाजूच्या बांध्यांची पाळी तो पाढ्यासारखी म्हणतो : तळ्याखालची, मोहाची, खोलगी, मग तुमची. तो सांगून गेला, पाणी रविवारी सुटेल. मी आनंदानं त्याला दोनदा चहा पाजला.

त्याच रविवारी लेआउटमध्ये बुकिंगचा कार्यक्रम होता. मांडव, सतरंज्या, नागपूरहून गाड्या भरून गिऱ्हाइकं, आणि गावाला जेवणाचं आवतण.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या गावात एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. खरं सांगते, आमच्या मनात ती दोन वेगळी ठिकाणं होती. पाणी जायचं ते मोहाच्या बांधीत, मांडव होता तो लेआउटमध्ये. मोहाची आणि खोलगी दोन्ही लेआउटमध्ये गेल्यात, पाट बुजलाय, मोहाचं झाड तोडून त्याच बांधीवर मांडव घातलाय, हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो, तरी पाहत नव्हतो. मी स्वतः आठवडाभर पाण्यासाठी जीव टाकत होते, आणि त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून, हातात स्टीलची ताटली धरून जिलेबीच्या रांगेत उभी होते.

लेआउटवाला माइकवर चोवीस तास पाण्याची हमी देत होता, तेवढ्यात पाणी आलं. आधी सतरंजीच्या कडा भिजल्या. मग खुर्च्यांचे पाय बुडाले. मग एक खेकडा आला आणि पाहुण्यांच्या पहिल्या रांगेसमोर थांबला. माणसं खुर्च्यांवर चढली, जिलेबीवाल्यानं कढई वाचवायला आरोळी ठोकली, आणि मला असं हसू फुटलं की आवरेना.

पाट बुजलेला, म्हणून पाण्यानं लेआउटचा नवा रस्ता धरला. तो उतारानं थेट आमच्या धुऱ्यापर्यंत, बांधीच्या बांधापर्यंत, गेलेला. ते दिसलं आणि माझं हसू थांबलं. धुरा फोडला नाही तर सगळं पाणी नाल्याला जाणार! साडी खोचली आणि पळत सुटले. फावडं कुठून आणू? ताटलीनंच बांध उकरायला लागले. मागून कोणीतरी पळत आलं. नागपूरची एक बाई, एका हातात चपला, दुसऱ्या हातात तिची ताटली. काही न विचारता माझ्या शेजारी बसली आणि उकरायला लागली. बांध फुटला, पाणी बांधीत शिरलं, आणि आम्ही दोघी अनोळखी बाया चिखलात बसून वेड्यासारख्या हसलो. हे पाणी दरवर्षी येतं का, तिनं विचारलं. पाऊस रुसला की येतं, मी म्हटलं.

आम्ही दोघी वर मांडवात गेलो, तर लेआउटवाला पाणकरावर डाफरत होता. म्हातारा शांत उभा होता.

"साहेब, पाणी तं आपल्या रस्त्यानंच जाऊन राहिलं," तो म्हणाला. "खुर्च्या तुम्ही मांडल्या."

त्या बाईनं तिथल्या तिथे सांगितलं, की प्लॉट घेईन तर हाच, पाटाकाठचा. पण आधी पाट उघडून द्या. बाकीची गिऱ्हाइकं ओल्या चपला घेऊन गाडीत बसायला लागली होती, तेव्हा लेआउटवाल्यानं मान डोलावली. मुरूम चार दिवसांत निघाला. आमची रोवणी त्याआधीच झाली होती. बांधी विकायचा विषय ह्यांनी परत काढला नाही.

आता लेआउटमध्ये सात घरं आहेत. दिवे आले, ऑटो अजून यायचा आहे. बाईचं घर उंच जोत्याचं, आणि पाट तिच्या आवारातून, तुळशीजवळून जातो. यंदाही पावसानं ओढ दिली. एका पहाटे दार वाजलं. उघडलं तर बाई, गुडघ्यापर्यंत भिजलेली, खांद्यावर फावडं.

"चाल वो, पाणी माझ्याकडून निघालं," ती म्हणाली. "तुझी पाळी आहे."

बांधीवर पोचलो तेव्हा पाणकर धुऱ्यावर बसून पाळी म्हणत होता. तळ्याखालची, बाईची, मग तुमची. मी त्याला परत म्हणायला लावली.